लंडनच्या गच्च्यांवरचा बिनपरवाना रेडिओ

लंडनच्या हॅकनी, हॅरिंगे आणि लॅम्बेथ या भागांतले २४ टक्के प्रौढ विनापरवाना रेडिओ ऐकतात, असं ऑफकॉम या ब्रिटिश नियामक संस्थेच्या २००७ च्या पाहणीत आढळलं. आफ्रो-कॅरिबियन समाजात हे प्रमाण ४१ टक्के होतं. म्हणजे कायद्याच्या लेखी चोरटी असलेली ही केंद्रं तिथल्या वस्त्यांना चांगली परिचयाची होती.

सुरुवात समुद्रावर झाली. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये देशी रेडिओ म्हणजे बीबीसीच, आणि वादकांच्या संघटना व रेकॉर्ड कंपन्यांशी झालेल्या करारांमुळे तिथे तबकड्या वाजवायला दिवसाकाठी मोजकेच तास मिळत. मार्च १९६४ मध्ये रोनन ओ'राहिली या आयरिश तरुणाने सागरी हद्दीबाहेर जहाज नांगरून रेडिओ कॅरोलाइन सुरू केलं. पाठोपाठ आणखी जहाजं आली. ऑगस्ट १९६७ मध्ये कायदा करून सरकारने त्यांची रसद आणि जाहिराती तोडल्या. पण दीड महिन्यातच बीबीसीने रेडिओ वन हे पॉप संगीताचं केंद्र काढलं, आणि त्यावर पहिला कार्यक्रम सादर केला तो जहाजावरच्या रेडिओत नाव कमावलेल्या टोनी ब्लॅकबर्नने.

१९७३ मध्ये लंडनला खासगी व्यावसायिक केंद्रं मिळाली, तरी सोल आणि रेगे हे कृष्णवर्णीयांचे संगीतप्रकार ऐकणाऱ्यांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. १९८०च्या दशकाच्या आरंभी पश्चिम लंडनमध्ये कृष्णवर्णीयांनी चालवलेलं ड्रेड ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन सुरू झालं. मला हा टप्पा जहाजांपेक्षा मोलाचा वाटतो. जहाजांमागे जाहिरातींचा पैसा होता. इथे एक समाज आपलं संगीत आपल्याच बोलीत ऐकवत होता.

ही केंद्रं टिकली ती उंच इमारतींमुळे. ट्रान्समीटर आणि एरिअल सरकारी घरांच्या टॉवरच्या गच्चीवर असे, स्टुडिओ मात्र दुसरीकडे कुठेतरी, आणि दोघांना जोडायला छोटी बिनतारी लिंक. धाड पडली की यंत्र जप्त होई, माणसं सुटत. ट्रान्समीटर स्वस्त, त्यामुळे केंद्र लवकरच पुन्हा ऐकू येई.

सरकारी यंत्रणा लोकांना सांगत आली ती धोक्याची बाजू, आणि तो धोका खरा आहे. एफएम पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि लगेच विमानवाहतुकीचा पट्टा सुरू होतो. नीट फिल्टर नसलेला घरगुती ट्रान्समीटर तिथे खरखर माजवू शकतो. गच्चीची कुलपं तोडली जात, त्याचा त्रास रहिवाशांना होई. तरीही रोज ऐकणाऱ्याला त्या केंद्रावर आपली गाणी, शेजारच्या दुकानाची जाहिरात, शनिवारच्या पार्टीची खबर मिळत होती. नुसत्या इशाऱ्यांनी तो श्रोता दुरावणार नव्हता.

फरक पडला तो परवान्यांमुळे. १९८९ पासून विशिष्ट समाजांसाठी आणि विशिष्ट संगीतासाठी नवे परवाने निघाले. पश्चिम लंडनमधल्या दक्षिण आशियाई श्रोत्यांना सनराइज रेडिओ मिळालं. १९८५ पासून चोरून चालणारं किस एफएम सप्टेंबर १९९० मध्ये अधिकृत झालं. २००४ मध्ये सामुदायिक रेडिओची तरतूद झाली. पण ज्या रिन्स एफएमवरून ग्राइम हे लंडनचं रॅपसारखं संगीत शहरभर पोहोचलं, ते १९९४ मध्ये सुरू झालं होतं आणि त्याच्या हाती परवाना पडला २०१० मध्ये.