साहित्यमहोत्सवातील ध्वनिमुद्रणे

साहित्यमहोत्सवात लेखकाने व्यासपीठावरून केलेले वाचन, दिलेले व्याख्यान किंवा मुलाखत यांचे जतनासाठी व पुढील प्रसारणासाठी केलेले ध्वनिमुद्रण वा चित्रमुद्रण. स्टुडिओत नटाकडून वाचून घेतलेले ऑडिओबुक किंवा नभोवाणीसाठी बसवलेले अभिवाचन या संज्ञेत येत नाही. समोर बसलेल्या श्रोत्यांसाठी, बहुधा एकदाच झालेल्या कार्यक्रमाची ही नोंद असते. छापील संहितेत जे नसते तेच हिच्यात सापडते: ऐन वेळी गाळलेले कडवे, बदललेला शब्द, कवितेआधी सांगितलेली तिची हकिकत, अनपेक्षित जागी आलेला हशा. म्हणून अशा मुद्रणाला पुस्तकाची पुरवणी न मानता स्वतंत्र साधन मानणे योग्य ठरते.

लेखकाने स्वतःचे लेखन जाहीरपणे वाचण्याची प्रथा ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांहून कितीतरी जुनी आहे. चार्ल्स डिकन्सने १८५८ पासून मानधन घेऊन वाचनाचे दौरे केले, पण १८७० मध्ये त्याचा मृत्यू झाला तेव्हा फोनोग्राफ अस्तित्वात नव्हता. त्याच्या वाचनाच्या प्रती मात्र टिकल्या आहेत. त्यांत खोडलेले परिच्छेद, अधोरेखिते आणि समासात स्वतःसाठी लिहिलेल्या सूचना दिसतात. आवाज हाती नसताना वाचनाची कल्पना देणारा याहून चांगला पुरावा क्वचितच मिळतो.

थॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला आणि एक बालगीत म्हणून त्याची चाचणी घेतली. कथिलाच्या वर्खावरचे ते मूळ मुद्रण टिकले नाही. मेणाची सिलिंडरे प्रचारात आल्यावर, १८८०च्या दशकाच्या अखेरीस, नामवंतांचे आवाज टिपण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यांपैकी इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगचे मुद्रण सर्वांत बोलके म्हणावे लागेल. ते १८८९ सालचे असून ७ एप्रिल ही तारीख सामान्यतः दिली जाते. चित्रकार रूडॉल्फ लेमान याच्या घरी मेजवानीच्या वेळी एडिसनच्या प्रतिनिधीने यंत्र मांडले होते. ब्राउनिंगने घोडदौडीवरची आपली प्रसिद्ध कविता म्हणायला घेतली, काही ओळींत तो अडखळला, आपलीच कविता आठवत नाही याबद्दल त्याने दिलगिरी व्यक्त केली आणि मग यंत्राचेच कौतुक केले. शेवटी जमलेल्यांचा जयघोष ऐकू येतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो वारला. पुढच्या वर्षी पुण्यतिथीला चाहत्यांनी ते सिलिंडर ऐकले, तेव्हा मृत माणसाचा आवाज प्रथमच ऐकू आला असे म्हटले गेले. विसरणे, माफी, जयघोष हे सारे या मुद्रणात आहे. कवितेचा पाठ म्हणून ते अपुरे आहे, पण प्रसंगाची नोंद म्हणून पूर्ण आहे.

अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या मुद्रणाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘अमेरिका’ या सहा ओळींच्या कवितेच्या पहिल्या चार ओळी त्यात ऐकू येतात. लांबी सुमारे ३६ सेकंद. मूळ सिलिंडर आज उपलब्ध नाही. १९५१ मधील एका नभोवाणी कार्यक्रमात ते वाजवले गेले आणि आजच्या प्रती त्या कार्यक्रमावरून उतरल्या आहेत. १९९२ मध्ये अभ्यासकांचे लक्ष त्याकडे वळले व वाद सुरू झाला. व्हिटमनचे मुद्रण करावे अशी एडिसनची इच्छा होती, हे १८८९ मधील पत्रव्यवहारावरून दिसते, आणि उच्चारांची ढबही कवीच्या प्रदेशाशी व पिढीशी जुळते, हे खरेपणाच्या बाजूचे मुद्दे. उलट, कवीच्या अखेरच्या वर्षांतील बोलणे त्याचा स्नेही हॉरेस ट्रॉबेल जवळजवळ रोज टिपून ठेवत असे आणि त्या विस्तृत नोंदींत अशा मुद्रणाचा उल्लेख आढळत नाही. ध्वनीचा दर्जा आणि सिलिंडर ज्या संग्रहातून आले त्याची विश्वसनीयता यांवरही आक्षेप घेतले गेले. शिवाय प्रारंभीच्या सिलिंडरांचा वेग एकसारखा नसे. चुकीच्या वेगाने वाजवले तर आवाजाची पट्टी बदलते आणि वृद्ध माणूस तरुण वाटू शकतो. त्यामुळे केवळ आवाजावरून वय ताडणे धोक्याचे आहे. दोन्ही बाजू पाहता ‘१८८९ किंवा १८९०, व्हिटमनचे असावे’ एवढेच म्हणणे सुरक्षित दिसते. खरेपणाचे पारडे किंचित जड आहे, परंतु ट्रॉबेलचे मौन सहज बाजूला सारता येत नाही.

पद्धतशीर संग्रहाची सुरुवात संस्थांनी केली. व्हिएन्नाचे ध्वनिसंग्रहालय १८९९ मध्ये स्थापन झाले. पॅरिसमध्ये भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां ब्र्यूनो याने १९११ मध्ये ‘वाणीचा संग्रह’ उभारला आणि तेथे डिसेंबर १९१३ मध्ये फ्रेंच कवी गियोम अपोलिनेर याने आपल्या कविता वाचल्या. त्याच वर्षी निघालेल्या कवितासंग्रहात त्याने विरामचिन्हे पूर्णपणे काढून टाकली होती. छापील पानावर जिथे काहीच खूण नाही, तिथे कवी स्वतः कुठे थांबतो हे त्या मुद्रणात ऐकू येते. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील काव्य व साहित्याचा ध्वनिसंग्रह १९४३ पासूनचा आहे. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन तरुण स्त्रियांनी सुरू केलेल्या कॅडमन या कंपनीने वेल्श कवी डिलन टॉमसच्या वाचनाची तबकडी काढली आणि लेखकाच्या आवाजाला बाजारपेठ आहे हे दाखवून दिले.

महोत्सवात मुद्रण शक्य झाले ते चुंबकीय फितीमुळे. सिलिंडर दोन ते चार मिनिटांत संपे, त्यामुळे लेखकाला यंत्राच्या मापाने वाचावे लागे. सात इंची रिळावरील १,२०० फूट फीत सेकंदाला साडेसात इंच वेगाने ३२ मिनिटे चाले. आता यंत्र लेखकाच्या मापाने चालू लागले. तरी रीळ बदलण्याची फट राहिलीच. जुन्या मुद्रणांत वाक्य मध्येच तुटून पुढे भलत्याच ठिकाणी सुरू होते, त्याचे कारण बहुधा हेच असते. अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्गने ‘हाउल’ या दीर्घकवितेचे गाजलेले पहिले वाचन ऑक्टोबर १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केले, त्याची फीत ज्ञात नाही. सर्वांत जुने ज्ञात मुद्रण फेब्रुवारी १९५६ मधील रीड कॉलेजमधले असून ते २००७ मध्ये पेटीत पडलेले सापडले. पहिला भाग संपवून दुसरा सुरू करताच कवी दमल्याचे सांगून थांबतो. संपादित तबकडीत हा क्षण राहिला नसता.

महोत्सवांच्या आरंभाचा कालक्रम स्थूलमानाने असा: चेल्टनहॅम १९४९, ॲडलेड १९६०, रॉटरडॅमचा काव्यमहोत्सव १९७०, टोरांटो १९८०, एडिंबरो १९८३, वेल्समधील हे-ऑन-वाय १९८८, जयपूर २००६. यांतील जुन्या महोत्सवांची आरंभीची मुद्रणे तुटक आहेत. सर्व सत्रे नेमाने टिपून जालावर ठेवण्याची रीत प्रामुख्याने एकविसाव्या शतकातील होय.

मुद्रणाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न माइक कुठे आहे हा असतो. ध्वनिक्षेपणाच्या मिक्सरमधून थेट घेतलेला आवाज स्वच्छ येतो, पण सभागृह नाहीसे होते: लेखक विनोद करतो आणि पुढे शांतता ऐकू येते. केवळ सभागृहात ठेवलेल्या माइकवर खोकला, खुर्च्या, तंबूच्या कापडाची फडफड हेच पुढे येते. जाणकार तंत्रज्ञ दोन्ही वेगळ्या मार्गिकांवर (ट्रॅकवर) घेतात व नंतर प्रमाण ठरवतात. कॉलर माइक मान वळवली की आवाज सोडतो. पुस्तकात पाहून वाचणारा आणि मुलाखतकाराकडे वळून बोलणारा लेखक एकाच सत्रात दोन आवाजांचा वाटतो. सर्वाधिक नुकसान प्रश्नोत्तरांचे होते. श्रोत्यापर्यंत फिरता माइक पोचण्याआधीच प्रश्न विचारून होतो आणि फितीवर उत्तर तेवढे उरते. मुलाखतकाराने प्रश्न पुन्हा उच्चारणे हा यावरचा साधा उपाय आहे. प्रसारणापूर्वी प्रश्नोत्तरे कापण्याची पद्धत मात्र अभ्यासाच्या दृष्टीने घातक आहे. लेखक तयारीबाहेरचे बोलतो ते तिथेच.

जतनासाठी ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट (ध्वनी किती बारकाईने टिपला याची मापे) अशी असंपीडित, म्हणजे आकार न आवळलेली, प्रत घेण्याची शिफारस ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केली आहे. स्टिरिओ मुद्रणाच्या एका तासाला सुमारे दोन गिगाबाइट जागा लागते. सत्तर व ऐंशीच्या दशकांतील काही फितींचा बंधक, म्हणजे चुंबकीय लेप फितीला धरून ठेवणारा पदार्थ, दमट हवेने चिकट होतो. अशी फीत तशीच वाजवली तर लेप यंत्रावर निघून येतो. ती सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सियसला काही तास शेकून काही काळापुरती वाजवण्याजोगी करतात आणि तेवढ्यात नवी प्रत घेतात. प्रतीइतकीच महत्त्वाची असते ती तिच्यासोबतची नोंद: दिनांक, सत्राचे नाव, मुलाखतकार, वाचलेल्या उताऱ्यांचा क्रम. ही नोंद नसलेली फीत संग्रहात असून हरवल्यासारखीच असते.

हक्कांची मांडणी किचकट आहे. साहित्यकृतीच्या जाहीर वाचनाला परवानगी देण्याचा हक्क बर्न करार या आंतरराष्ट्रीय स्वामित्वहक्क करारानुसार लेखकाचा. वाचन करणाऱ्याला सादरकर्ता म्हणून १९६१ च्या रोम कराराचे संरक्षण. आणि मुद्रणावर निर्मात्याचा वेगळा हक्क. लेखक स्वतः वाचतो तेव्हा पहिले दोन एकाच व्यक्तीकडे असतात. अनुवादक वाचू लागला की ते वेगळे होतात. उत्स्फूर्त बोलण्याला संरक्षण केव्हापासून, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असते. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यानुसार ते शब्द नोंदले गेल्यापासून.

लेखकाचे वाचन हाच कृतीचा प्रमाण अर्थ, हे मत आता मागे पडले आहे. अमेरिकन कवी व समीक्षक चार्ल्स बर्नस्टीनने १९९८ मध्ये संपादित केलेल्या निबंधसंग्रहानंतर प्रत्येक वाचन हा कृतीचा एक पाठभेद मानण्याकडे कल वाढला. त्याच भूमिकेतून २००५ मध्ये त्याने अल फिलरिससह पेनसाउंड हा खुला ध्वनिसंग्रह सुरू केला. त्यात पूर्ण सत्राबरोबर प्रत्येक कविता सुटी करूनही ठेवलेली असते. शोधण्यासाठी ही सोय मोलाची आहे. मात्र दोन कवितांमधले बोलणे ऐकायचे असेल, तर पूर्ण सत्राचीच फाइल उघडावी लागते.