भारवितरक हिच

भारवितरक हिच : मोटारीमागे जोडलेल्या प्रवासी ट्रेलरचा बॉलवर (मोटारीच्या मागचा, ट्रेलर अडकवण्याचा गोळा) पडणारा भार मोटारीच्या पुढच्या ॲक्सलकडे आणि काही अंशी ट्रेलरच्या चाकांकडे वळवणारी जोडणी. बाजारात ती ‘वेट डिस्ट्रिब्युशन हिच’ म्हणूनच मिळते. ट्रेलरचे डावे-उजवे झोके घर्षणाने रोखणारा स्टॅबिलायझर हे वेगळे साधन असून तो भार वाटत नाही. काही उत्पादनांत दोन्ही कामे एकत्र केलेली असल्याने हा गोंधळ वारंवार होतो.

ही जोडणी अमेरिकेत रूढ झाली. तिचा काळ साधारणपणे विसाव्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे मोठ्या प्रवासी ट्रेलरांचा प्रसार झाला तेव्हाचा मानावा. भार वळवणारी स्प्रिंग दांडी गोल की चौकोनी, ट्रनियन (खुंट्यांवर फिरणाऱ्या) पद्धतीची, यावरून तिचे दोन मुख्य प्रकार पडतात. युरोपात ती फारशी रुजली नाही. तिथे बॉलवरचा भार ट्रेलरच्या वजनाच्या 4 ते 7 टक्के ठेवतात, अमेरिकेत 10 ते 15 टक्के. शिवाय युरोपीय ट्रेलरांचा ओव्हररन ब्रेक कपलर (बॉलवर बसणारे ट्रेलरचे टोक) मागे-पुढे सरकण्यावर चालतो आणि बहुतेक भारवितरक दांड्या ही हालचाल अडवतात. असा ब्रेक असेल तर, उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिली नसल्यास, ही हिच बसवू नये.

कार्यतत्त्व तरफेचे आहे. नाशिकच्या कारखान्यात वर्षानुवर्षे तयार होत आलेल्या बोलेरोच्या दोन ॲक्सलांमधले अंतर 2.68 मीटर आहे, सोयीसाठी 2.7 मीटर धरू. मागच्या ॲक्सलपासून बॉल 1.2 मीटर मागे आणि 1200 किलोच्या ट्रेलरचा बॉलवर 150 किलो भार असेल, तर पुढच्या ॲक्सलवरून 150 × 1.2 ÷ 2.7, म्हणजे सुमारे 67 किलो उतरतात आणि मागच्या ॲक्सलवर 217 किलो चढतात. बॉलवर ठेवलेल्या वजनापेक्षा मागच्या चाकांवर जास्त वजन येते, हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल लागते, पुढच्या ब्रेकची पकड घटते आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

हिचच्या डोक्यातून, म्हणजे बॉल धरणाऱ्या भागातून, निघालेल्या दोन स्प्रिंग दांड्या ट्रेलरच्या ए-फ्रेमला (पुढचा त्रिकोणी सांगाडा) साखळीने वर ताणून बांधतात. वरील उदाहरणात उतरलेल्या वजनापैकी निम्मे, म्हणजे 33 किलो, पुढे परत आणायचे तर सुमारे 69 किलोग्रॅम-मीटर इतका पीळ लागतो. बॉलपासून ट्रेलरची चाके 4 मीटरवर असतील तर त्यांच्यावर साधारण 17 किलो जादा जातात आणि मागच्या ॲक्सलवरची वाढ 217 वरून सुमारे 166 किलोवर येते. दांड्या 75 सेंटिमीटरच्या असल्यास प्रत्येकीचा ताण 46 किलोच्या आसपास. हा सगळा पीळ टो-बारला, म्हणजे मोटारीखालच्या हिच धरणाऱ्या चौकटीला, सोसावा लागतो. नुसत्या बंपरच्या पत्र्याला बोल्ट मारलेला टो-बार त्यासाठी निरुपयोगी आहे. तो चेसिसला जोडलेला आणि भारवितरणासाठी प्रमाणित असावा. अमेरिकी टो-बारवर भारवितरकासह आणि त्याशिवाय अशा दोन वेगळ्या क्षमता छापतात. वाहनाच्या पुस्तिकेत या जोडणीचा उल्लेखच नसेल तर परवानगी नाही असे समजावे.

गरज आहे की नाही हे ट्रेलरच्या लांबीवरून ठरत नाही, वजनावरून ठरते. नाशिककरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, पिंपळगाव बसवंत आणि लासलगावच्या बाजारांभोवती भुईकाटे आहेत. मोटार माणसांसह व सामानासह भरून आधी एकटी तोलावी : फक्त पुढची चाके काट्यावर, नंतर सगळी गाडी. मग ट्रेलर जोडून पुन्हा पुढची चाके, पुढची-मागची चाके आणि शेवटी सगळे मिळून. पुढच्या ॲक्सलचे किती वजन उतरले आणि मागचा ॲक्सल पाटीवरच्या मर्यादेत आहे का, हे दोन आकडे निर्णायक. मोठ्या काट्याचा लहानात लहान टप्पा बहुधा 5 किंवा 10 किलोचा असतो, म्हणून बॉलवरचा भार वेगळा मोजलेला बरा. फळीचे एक टोक विटेवर आणि दुसरे घरगुती वजनकाट्यावर ठेवावे. कपलरचा आधार विटेपासून 1 फूट आणि काट्यापासून 2 फूट येईल असा घ्यावा. आधी फळीसह काटा शून्यावर आणून येणाऱ्या आकड्याची तिप्पट करावी.

भुईकाटा नसल्यास पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची ट्रेलर जोडण्यापूर्वी व नंतर मोजतात. ती 20-25 मिलिमीटरपेक्षा जास्त वाढली तर विचार करावा असा व्यवहारातला संकेत आहे. सर्वमान्य मर्यादा नाही. आपल्याकडच्या टी-1 प्रवर्गातल्या, म्हणजे एकूण 0.75 टनापर्यंतच्या ट्रेलरला या हिचची गरज क्वचितच पडते. टी-2 मध्ये, 3.5 टनांपर्यंत, प्रश्न खरा उभा राहतो.

हिच घेण्यापूर्वी सामानाची जागा तपासणे अधिक महत्त्वाचे. ट्रेलरच्या चाकांमागे 1.2 मीटरवर 100 लिटरची पाण्याची टाकी भरली की वरील ट्रेलरच्या बॉलवरचा भार 30 किलोने घटतो. बैलगाडी उलाळ झाली की जू वर उठते, तसाच हा प्रकार. ट्रेलर वेगात शेपूट हलवू लागतो. हा दोष भारवितरकाने जात नाही, वजन पुढे घेऊनच जातो. या हिचने वाहनाची ओढक्षमताही वाढत नाही.

किती भार परत आणावा, यावर मतभेद आहेत. जुन्या पद्धतीत पुढची उंची पूर्ण मूळपदावर आणत. अलीकडे अनेक उत्पादकांच्या पुस्तिका सुमारे निम्मीच घट भरून काढायला सांगतात, कारण मागच्या चाकांवरचे वजन फार काढले तर वळणावर वा अचानक लेन बदलताना मागची बाजू घसरू शकते. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. पुस्तिकेत आकडा दिलेला असल्यास तोच पाळावा.

बसवताना जमीन सपाट हवी. कपलर बॉलवर कुलूपबंद करून ट्रेलरच्या जॅकने मोटारीची मागची बाजू उचलावी आणि मगच साखळी अडकवावी. ताणलेली दांडी सुटली तर साखळी ताणायला लावलेला हातातला पाइप जोरात उसळतो, म्हणून त्याच्या रेषेत उभे राहू नये. ताण कमी पडला तर डोक्याचा कल वाढवावा. कड्या आखडून तो साधू नये. दांडी आणि ए-फ्रेम यांच्या दरम्यान साखळीच्या किमान पाच कड्या राहिल्या नाहीत तर तीव्र वळणावर ती तुटू शकते. दांडीची क्षमता बॉलवरच्या भाराशी जुळणारी हवी. फार ताठ दांडीने ए-फ्रेमच्या वेल्डिंगला तडे जातात. बॉल 50 मिलिमीटरचा आणि कपलर 2 इंची, म्हणजे 50.8 मिलिमीटरचा, ही जोडी जवळपास बसते पण खुळखुळते. तिचा वापर टाळावा.

कसारा घाटाच्या उतारावर ब्रेक लावताच बॉलवरचा भार तात्पुरता वाढतो. म्हणून ट्रेलरचे ब्रेक चालू आहेत याची खात्री घाटाच्या माथ्यावरच करावी. गंगापूर धरणाकडच्या रस्त्यांवरच्या उंच गतिरोधकांवर खाली लोंबणाऱ्या दांड्या घासतात. पेट्रोल पंपाच्या खोलगट प्रवेशावर किंवा नाल्याच्या उतारात दांड्यांवरचा ताण एकदम दुणावतो. तिथे पायी चालण्याच्या वेगाने जावे. ट्रेलर वळवून रिव्हर्स घेण्यापूर्वी घर्षण-स्टॅबिलायझर काढून ठेवावा, नाहीतर त्याची पट्टी वाकू शकते.