सात टक्क्यांची थाप आणि पंधरा मिनिटांचं भाषण

दीक्षान्त समारंभांचे दिवस आले की व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांतलं एक 'वैज्ञानिक सत्य' हमखास कानावर येतं: भाषणाच्या प्रभावात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, आवाजाचा 38 आणि चेहऱ्यावरच्या भावांचा 55. तसं असतं तर जपानी भाषण आपल्याला जपानी न शिकताच 93 टक्के कळलं असतं! हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधल्या दोन प्रयोगांवरून काढलेले आहेत, आणि त्या प्रयोगांत भाषण नव्हतंच. सुटे शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवायचे, एका प्रयोगात सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड, एवढंच ओळखायला सांगायचं. आवड-नावड सोडून इतरत्र हे समीकरण लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनीच बजावलंय. ती स्लाइड मात्र कुणी दाखवत नाही.

आता अ‍ॅपल कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांचं स्टॅनफर्ड विद्यापीठातलं 12 जून 2005 चं दीक्षान्त भाषण पाहा. जेमतेम पंधरा मिनिटं, समोरच्या कागदावरून वाचलेलं, हातवारे जवळपास नाहीतच. तरी जगभर ते आजही ऐकलं जातं. मग त्यात आहे तरी काय?

प्रिन्स्टन विद्यापीठात मेंदूचे अभ्यासक उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये केलेला एक प्रयोग मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. एका स्त्रीने मेंदूतल्या हालचाली टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात पडून स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग सांगितला, तयारी न करता, आपण मित्रमैत्रिणींना सांगतो तसा. त्याचं ध्वनिमुद्रण नंतर श्रोत्यांना त्याच यंत्रात ऐकवलं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे ऑक्सिजनयुक्त रक्त वाढतं. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात वेगळं वागतं, आणि हा फरक यंत्र टिपतं. दोघांच्या मेंदूंतले हे चढउतार शेजारी ठेवल्यावर दिसलं, की श्रोत्याचा मेंदू वक्तीच्या मेंदूची नक्कल करतोय, बहुतेक भागांत एक ते तीन सेकंद मागून. पण काही भागांत, उदाहरणार्थ स्ट्रायटम आणि मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, क्रम उलटा होता. तिथे श्रोता वक्तीच्या पुढे धावत होता! म्हणजे पुढे काय येणार, याचं भाकीत तो करत होता. हे पुढे धावणं ज्याच्यात जास्त, त्याला गोष्टही जास्त नीट समजलेली. आणि रशियन न येणाऱ्यांना रशियन गोष्ट ऐकवल्यावर? सूर, चढउतार सगळं शाबूत, पण मेंदूंचं जुळणं गायब. सात टक्केवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

जॉब्स सुरुवातीलाच सांगतात, की मी फक्त तीन गोष्टी सांगणार आहे. कॉलेज सोडल्यावर सुलेखनाच्या वर्गात जाऊन बसणं, तिसाव्या वर्षी स्वतःच्याच कंपनीतून हकालपट्टी आणि स्वादुपिंडाचा कर्करोग. सुलेखनाचा उल्लेख आला, की अ‍ॅपलचा देखण्या अक्षरवळणांचा मॅकिंटॉश संगणक ठाऊक असलेला श्रोता शेवट अर्धवट ओळखतोच. तपशील मात्र नवे निघतात. पुढे धावायला वाट आहे आणि वळणंही आहेत. हा अर्थात माझा तर्क. ते भाषण कुणाला यंत्रात ऐकवून मी पाहिलेलं नाही. आपल्याकडच्या 'उद्याचा भारत तुमच्या हाती आहे' मध्ये भाकीत शंभर टक्के बरोबर येतं, म्हणून तर जांभई येते.

पण समजणं म्हणजे पटणं नव्हे. हॅसन यांनी मोजलं ते आकलन. वक्त्याबद्दल आपुलकी वाटण्यामागे दुसरंही काही असतं. 1966 मध्ये मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी विद्यार्थ्यांना एका प्रश्नमंजुषेची ध्वनिफीत ऐकवली. बहुतेक उत्तरं अचूक देणाऱ्या हुशार स्पर्धकाने शेवटी अंगावर कॉफी सांडली, तर तो ऐकणाऱ्यांना अधिक आवडला. जॉब्सही पहिल्याच मिनिटात कबूल करतात, की मी पदवीधर नाही. भावी प्रमुख पाहुण्यांनी ही युक्ती उचलण्याआधी प्रयोगाचा उरलेला निकालही वाचावा: सुमार स्पर्धकाने कॉफी सांडली, तेव्हा तो आणखीच नावडता झाला.