दीर्घिकेचा परिसर आणि कृष्णद्रव्य

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा, वायूचा मोठा संसार. तिच्या आसपास इतर दीर्घिकांची किती गर्दी आहे, यावर तिचा आकार, रंग, तिच्यातला वायू आणि नव्या ताऱ्यांची निर्मिती बरीचशी ठरते. कोकणात हे हापूसवरून चटकन पटेल. देवगडच्या कातळावरचे कलम घाटावर लावले, तर झाड तेच, पण फळाला ती चव उतरत नाही. इथे कातळ म्हणजे शेजार, आणि कलम म्हणजे दीर्घिकेला वेढणारे कृष्णद्रव्याचे, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचे, प्रभामंडल. कुणाचा वाटा किती, हाच या विषयातला खरा प्रश्न.

खगोलशास्त्रज्ञ ॲलन ड्रेसलर यांनी १९८० मध्ये ५५ दीर्घिका-समूह तपासून दाखवले की मोकळ्या प्रदेशात सर्पिल दीर्घिका भरपूर असतात. समूहाच्या दाट गाभ्यात त्या दुर्मीळ होतात आणि लंबवर्तुळाकार व भिंगाकार दीर्घिकांचीच गर्दी दिसते.

याचे एक कारण वारा. समूहातल्या दीर्घिकांच्या मधली जागा कोट्यवधी अंश तापलेल्या विरळ वायूने भरलेली असते. त्यातून सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेचा स्वतःचा वायू मागे ओढला जातो; तारे आणि कृष्णद्रव्य मात्र जागेवर राहतात. मागे झालरी लोंबणाऱ्या अशा दीर्घिकांना ‘जेलीफिश’च म्हणतात. वायू संपला की नवे तारे जन्मत नाहीत, उरलेले जुने तारे तांबूस दिसतात.

सर्वांत जवळचा मोठा समूह कन्या राशीत, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे. एप्रिलअखेरीस, चांदणे नसताना, रात्री अकराच्या सुमारास वेळासच्या किनाऱ्यावरून तो जवळजवळ डोक्यावर येतो. उत्तरा नक्षत्राच्या ठळक ताऱ्यापासून पूर्वेला, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या अंतरावर दुर्बीण वळवावी. तिथला धुरकट ठिपका म्हणजे एम ८७ ही प्रचंड लंबवर्तुळाकार दीर्घिका. तो शोधायला वेळ लागतो, पण जरूर शोधावा.

समूह बांधून ठेवायला दिसणारे द्रव्य पुरत नाही, उरलेली ओढ कृष्णद्रव्याची, हे खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्येच ओळखले होते. आणि इथेच हापूसची उपमा तोकडी पडते: कलम बाहेरून आणता येते, प्रभामंडल त्याच जागी घडते. दाट भागात प्रभामंडले मोठी होतात आणि तिथली लहान प्रभामंडले इतर ठिकाणच्यांपेक्षा लवकर आकाराला येतात. म्हणून शेजाराचा आणि प्रभामंडलाचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते.

आपली आकाशगंगा आणि देवयानी दीर्घिका राहतात त्या विरळ वाडीतही शेजार जाणवतो. आकाशगंगेपासून सुमारे दहा लाख प्रकाशवर्षांच्या आतल्या तिच्याभोवती फिरणाऱ्या जवळपास सगळ्या लहान उपदीर्घिकांमध्ये हायड्रोजन वायू सापडत नाही. मॅजेलन मेघ या दोन मोठ्या उपदीर्घिकांनी तो अजून राखला आहे.