कोल्यूर आणि बान्यूल्स : एकाच डोंगरावरच्या दोन वाइन, आणि त्यांच्यासोबत काय खावं

नमस्कार. आपल्या खोक्यात दोन नावांच्या बाटल्या आहेत, कोल्यूर आणि बान्यूल्स. दोन्हींत फरक काय आणि सोबत खायला काय करायचं, हे आम्हाला दुकानात सगळ्यांत जास्त विचारलं जातं. काउंटरवर उभ्या उभ्या सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून हे पत्रक.

पिरेने पर्वत भूमध्य समुद्राला जिथे भिडतो, अगदी स्पेनच्या सीमेला लागून, तिथल्या फ्रेंच किनाऱ्याला कोत व्हर्मेय म्हणतात. उत्तरेकडून निघालं की कोल्यूर, पोर-व्हाँद्र, बान्यूल्स-सुर-मेर आणि सेर्बेर अशी चार गावं लागतात. या चार गावांच्या हद्दीत पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनलाच ही दोन नावं लावता येतात. मळे तेच, मुख्य द्राक्षही तेच, ग्रनाश. रस पूर्ण आंबू देऊन साखर संपवली की होते ती कोरडी कोल्यूर. आंबणं मध्येच थांबवून द्राक्षाची गोडी राखली की होते ती बान्यूल्स. बान्यूल्स या नावाला कायद्याचं संरक्षण १९३६ पासून आहे, कोल्यूरच्या लाल वाइनला १९७१ पासून. रोझे (गुलाबी) आणि पांढरी त्यानंतर आल्या. आमच्या बाटल्या येतात त्या तिथल्या एका छोट्या, घरच्या माणसांनी चालवलेल्या मळ्यातून.

मळा कसा आहे

जमीन म्हणजे शिस्ट नावाचा, पापुद्रे सुटणारा खडक. माती नावापुरती. वेलींची मुळं खडकाच्या चिरांत शिरून खोलवरची ओल शोधतात. उतार असा की बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टर चढतच नाही. छाटणी हातानं, तोडणी हातानं, काही मळ्यांत नांगराला अजून खेचर. माती वाहून जाऊ नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी चुना न वापरता दगडावर दगड रचून ताली घातल्या आहेत. सह्याद्रीच्या उतारावर ढासळलेली ताल ज्यांनी पुन्हा रचली आहे, त्यांना या कामाचे कष्ट सांगायला नकोत.

इथे उन्हाळाभर पाऊस जवळजवळ नसतो आणि शरदात येतो तो काही तासांत कोसळतो. त्यासाठी उतारावर दगडी चर काढलेले आहेत. दोन तिरके चर दोन बाजूंनी येऊन मधल्या सरळ चराला मिळतात. समोरच्या टेकडीवरून पाहिलं तर डोंगरभर कोंबड्याच्या पायाचे ठसे उमटल्यासारखे दिसतात. वरून त्रामोंतान नावाचा कोरडा, जोराचा वारा वाहतो. तो कोवळे फुटवे मोडतो, पण पानं कोरडी ठेवत असल्यामुळे बुरशीचा त्रास कमी होतो.

किंमत जास्त का, याचं उत्तर इथेच आहे. बान्यूल्ससाठी हेक्टरी ३० हेक्टोलिटर, म्हणजे ३,००० लिटर, ही कायद्याची कमाल मर्यादा आहे आणि जुन्या वेली बरेचदा तेवढंही देत नाहीत. ३,००० लिटरच्या साध्या बाटल्या होतात ४,०००. त्यासाठी वर्षभर माणसं डोंगर चढतात-उतरतात. आम्हाला ही किंमत रास्त वाटते.

कोल्यूर : आधी मिठाचा विचार करा

कोल्यूर गाव खारवलेल्या आंचोवीसाठी ओळखलं जातं. आपली मांदेली याच मासळीच्या कुळातली. ताज्या आंचोवीचं डोकं आणि आतडी हातानं काढतात, पिंपात एक थर मासळीचा, एक थर मिठाचा असं रचत जातात, वर वजन ठेवतात आणि काही महिने मुरू देतात. मांस हळूहळू तांबूस-तपकिरी होतं, वास गडद होतो. २००४ पासून या आंचोवीला भौगोलिक मानांकन आहे. खायच्या आधी पाण्यात ठेवून खारटपणा कमी करतात, मधला काटा काढतात, आणि भाजून सोललेली लाल ढोबळी मिरची, लसूण, पार्स्ली, ऑलिव्ह तेल यांच्यासोबत ताटलीत मांडतात. शिजवायचं काहीच नाही.

या ताटलीला आमची पहिली पसंती पांढऱ्या कोल्यूरची. ती पांढऱ्या आणि करड्या ग्रनाशची असते. अंगानं भरदार, बडीशेपेची हलकी छटा, आणि घोट गिळल्यावर मागे किंचित खारी चव. मिठामुळे वाइनमधला आंबट-कडूपणा मवाळ होतो आणि फळाची चव पुढे येते. म्हणून अळणी उकडलेल्या माशापेक्षा खारट, लसूण घातलेला, तेलात परतलेला मासा हिला जास्त मानवतो. आपल्याकडे रवा लावून तळलेली मांदेली, कुरकुरीत बोंबील, लसणावर परतलेली कोळंबी यांच्यासोबत ती निःशंक घ्या. ओल्या नारळाच्या सौम्य कालवणासोबतही छान लागते. चिंच-कोकमाचा हात मात्र आखडता ठेवा. जेवण वाइनपेक्षा आंबट झालं की वाइन सपक लागते.

रोझे फिकी गुलाबी, हलकी पाणचट असते असा समज असेल, तर ही बाटली तो मोडेल. रंग गडद, अंगात जोर. निखाऱ्यावर भाजलेल्या तारल्या, भाजलेली वांगी-मिरची-कांदा, तंदुरी चिकन यांना ती पुरून उरते.

लाल कोल्यूरमध्ये ग्रनाशच्या जोडीला सिरा, मूर्व्हेद्र, कारिन्यान ही द्राक्षं येतात. मद्यार्काचं प्रमाण बरेचदा १४ टक्क्यांच्या आसपास. त्या भागातली माणसं कॅटलान, म्हणजे सीमेपलीकडच्या स्पेनमधल्या कॅटलोनियाशी भाषेनं-संस्कृतीनं जोडलेली, त्यांचं जेवणही कॅटलान. लाल वाइन ते टोमॅटो आणि हिरवे ऑलिव्ह घातलेल्या खिम्याच्या गोळ्यांच्या रश्शासोबत घेतात, किंवा द्राक्षवेलीच्या वाळक्या काटक्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या कोकराच्या मांसासोबत. आपल्याकडे मटण सुकं, खिमा, भाजलेले कबाब चालतील, फक्त तिखट बेतानं. तिखटावर मद्यार्क पडला की आग वाढते आणि तुरटपणाही बोचू लागतो, त्यामुळे झणझणीत तांबड्या रश्शासोबत ही बाटली उघडू नका, असंच आम्ही सांगू. तसंच लाल वाइन आणि बांगड्यासारखा तेलकट मासा एकत्र आले की तोंडात लोखंडासारखी चव राहते. त्या दिवशी पांढरी काढा.

बान्यूल्स : गोडी कुठून येते

बान्यूल्समध्ये वरून साखर घालत नाहीत. द्राक्षं चांगली पिकून गोड झाल्यावर तोडतात. रस आंबायला लागतो, यीस्ट साखर खाऊन मद्यार्क बनवू लागतं. पाहिजे तेवढी साखर उरली असतानाच त्यात द्राक्षापासूनच काढलेला, चव-वास नसलेला ९६ टक्क्यांचा मद्यार्क ओततात, रसाच्या ५ ते १० टक्के. यीस्ट तिथेच मरतं आणि गोडी जागच्या जागी राहते. लाल बान्यूल्सच्या बाबतीत हा मद्यार्क बरेचदा सालं आणि बियांसकट सगळ्या लगद्यावर ओततात आणि सगळं तसंच मुरत ठेवतात. त्यातून गडद रंग आणि तुरटपणा उतरतो. गोड असूनही ही वाइन चिकट लागत नाही, ती या तुरटपणामुळे. या पद्धतीचं श्रेय परंपरेनं तेराव्या शतकातल्या आर्नाउ दे व्हिलानोव्हा या कॅटलान वैद्याला दिलं जातं.

आपल्याकडे दोन प्रकार आहेत. लेबलवर ‘रिमाज’ असेल तर ती हवेपासून जपलेली, लवकर बाटलीत भरलेली, एकाच वर्षाच्या पिकाची वाइन. चेरी आणि काळ्या बेरींची ताजी चव. ‘त्रादिसिओनेल’ असेल तर ती मुद्दाम हवा लागू दिलेली. लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं, कधी काचेच्या मोठ्या गोल बरण्यांत उघड्यावर, उन्हात आणि थंडीत. रंग लालचा विटकरी, मग तपकिरी होतो. वास अक्रोडाचा, सुक्या अंजिराचा, संत्र्याच्या सालीचा, कॉफीचा. ‘ग्राँ क्रू’ लिहिलेलं असेल तर किमान ७५ टक्के काळं ग्रनाश आणि किमान ३० महिने लाकडात, असा नियम आहे.

चॉकलेटसोबत वाइन जुळवणं अवघड असतं. चॉकलेटचा कडूपणा आणि तूपटपणा बहुतेक वाइन झाकून टाकतो. रिमाज त्याला अपवाद. ७० टक्के कोकोचं काळं चॉकलेट घ्या, दुधाचं नको. एक तुकडा जिभेवर विरघळू द्या आणि मग घोट घ्या.

आमची स्वतःची आवड विचाराल तर त्रादिसिओनेल आणि निळी बुरशी असलेलं चीज. फ्रान्समध्ये रोकफोर, इथे मिळणारं कुठलंही चांगलं ब्लू चीज. खारट आणि गोड समोरासमोर आले की दोन्ही खुलतात. शेजारी दोन अक्रोड, एक सुकं अंजीर पुरे. अंजिरासोबत भाजलेलं बदकही तिकडे याच वाइनसोबत वाढतात.

एक सावधगिरी. पदार्थ वाइनपेक्षा गोड असेल तर वाइन आंबट आणि रिकामी वाटते. गुलाबजाम, पुरणपोळी, बासुंदीसोबत बान्यूल्स फुकट जाईल. श्रीखंड तर गोडही आणि आंबटही. त्यापेक्षा कमी गोडाची खजूर-अक्रोडाची वडी, तिळाची चिक्की, भाजलेले बदाम ठेवा.

वाढताना

आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाल वाइन घरातल्या तापमानाला देऊ नका. थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून १६ अंशांच्या आसपास आणा. पांढरी आणि रोझे १० ते १२ अंशांवर, बान्यूल्स १४ च्या जवळपास. बान्यूल्स छोट्या ग्लासात, थोडी थोडी. हिच्यात मद्यार्क साधारण १६-१७ टक्के असतो, गोडीमुळे तो जाणवत नाही. गाडी चालवणाऱ्यांनी आणि औषधं सुरू असणाऱ्यांनी घेऊ नये. कायद्यानं ठरलेल्या वयाखालच्या कुणालाही देऊ नये.

तळाशी गाळ दिसला तर बाटली खराब झाली असं समजू नका. आदल्या रात्री उभी ठेवा आणि हळू ओता.

उघडलेली कोल्यूर बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. रिमाज आठवडाभर चांगली राहते. त्रादिसिओनेलनं हवा आधीच पचवलेली असल्यामुळे ती कित्येक आठवडे तशीच राहते. रोज रात्री जेवणानंतर एक लहान ग्लास घ्यायला हरकत नाही, बाटली एका बैठकीत संपवण्याची घाई नको.