‘भिऊ नको’ ३६५ वेळा? मोजून पाहा

डिसेंबर संपत आला की नवापूर-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: बायबलमध्ये ‘भिऊ नको’ हे शब्द ३६५ वेळा आहेत, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक. उपदेशातही हे ऐकलं आहे. ते खरं नाही. भाषांतरागणिक संख्या थोडी बदलते. पण ‘भिऊ नका’, ‘घाबरू नको’ असे सगळे प्रकार धरले तरी बेरीज ३६५ च्या जवळपासही जात नाही.

आकडा चुकला म्हणून काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते असं की रोज एक सुटी ओळ वाचली म्हणजे वाचन झालं, असं वाटू लागतं. बायबलमधल्या यहोशवा या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातल्या नवव्या वचनातलं (१:९) ‘घाबरू नको’ सगळे फॉरवर्ड करतात. त्याच्या आधीचं आठवं वचन मात्र मागे राहतं, आणि त्यातच रात्रंदिवस नियमशास्त्राचं, म्हणजे मोशेने दिलेल्या देवाच्या आज्ञांचं मनन करायला सांगितलं आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण २:१० मध्ये, ‘भिऊ नको’ म्हटल्यावर लगेच तुरुंगवासाची गोष्ट येते. तो धीर संकट टळेल म्हणून दिलेला नाही.

आमच्या घरी आजी भाकरी थापायला बसली की वडील चुलीजवळ एक अध्याय मोठ्याने वाचायचे. आजीला अक्षरओळख नव्हती, पण काल कुठे थांबलो ते तीच सांगायची. प्रोटेस्टंट बायबलच्या ६६ पुस्तकांत १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन-चार वाचले तर वर्षात पूर्ण होतात. एकच वाचलात तर सव्वातीन वर्षं लागतील, लागू द्या.