मार तोच, पण शरीर वेगळं: जुना आजार आणि अपघातानंतरचं वाचणं

माझे काका मागच्या वर्षी बाथरूममध्ये घसरले, डोकं उंबऱ्याला लागलं, एक टेंगूळ आलं बस, उठून चहासुद्धा प्यायले. संध्याकाळी बोलताना शब्द अडखळायला लागले तेव्हा पळापळ. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" काकूने पिशवीतली गोळ्यांची सगळी पाकिटं टेबलावर ओतली, त्यात ती होतीच. काका वाचले, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना म्हणून मागचा इतिहास वाचत बसलो.

जुना आजार असला की जखमी माणूस लवकर खचतो हे डॉक्टरांना अनुभवाने ठाऊक होतंच, पण जखमी वाचेल की नाही याच्या हिशोबात मात्र ते बराच काळ नव्हतं. 1974 मध्ये बाल्टिमोरच्या सुसान बेकर आणि सहकाऱ्यांनी 2,128 वाहन अपघातग्रस्तांच्या माहितीवरून इंज्युरी सिव्हिअरिटी स्कोअर, म्हणजे मार किती गंभीर ते सांगणारा आकडा, काढला. शरीराच्या सर्वात जास्त मार लागलेल्या तीन भागांचे गुण घ्यायचे, प्रत्येकाचा वर्ग करायचा (त्या आकड्याला त्यानेच गुणायचं), बेरीज करायची, जास्तीत जास्त 75. म्हणजे छातीला 4 आणि मांडीच्या हाडाला 3 असेल तर 16 अधिक 9, 25. पण हा 25 पंचविशीतल्या धडधाकट पोराचाही आणि लिव्हर खराब झालेल्या माणसाचाही सारखाच! 1987 मध्ये ट्रिस नावाची, जखमी वाचायची शक्यता काढायची पद्धत आली, त्यात बीपी, श्वास, शुद्ध आणि वय धरलं, पण वय म्हणजे फक्त 55 च्या अलीकडे की पलीकडे, आजार त्यातही नाहीत.

मग 1990 साली मॉरिस, मॅकेंझी आणि एडेलस्टीन यांनी कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांच्या नोंदी तपासल्या आणि मला वाटतं खरं वळण तिथे आलं. सिरोसिस, म्हणजे कायमचं खराब झालेलं लिव्हर, असेल तर मृत्यूचे ऑड्स (मरणं आणि वाचणं यांचं प्रमाण) तो आजार नसलेल्यांच्या साडेचार पट, जन्मजात रक्त न गोठण्याचा आजार असेल तर 3.2, हृदयविकार आणि सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराला 1.8, डायबिटीसला 1.2. डायबिटीसचा आकडा लहान दिसतो, पण भारतात 2023 च्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार 10 कोटींच्या वर लोकांना डायबिटीस आहे, म्हणजे हा लहान आकडा केवढ्या लोकांना लागू होतो बघा.

असं का होतं? लिव्हर खराब असलं की रक्त गोठवणारी द्रव्यंच कमी बनतात, साधी जखमही वाहत राहते. शुगर वाढलेली असली की जखम चिघळते. बीपीची बीटा ब्लॉकर गोळी घेणाऱ्याचं रक्त आत वाहत असलं तरी नाडी हवी तशी वाढत नाही, त्यामुळे मॉनिटरवर सगळं ठीक वाटतं आणि वेळ निघून जातो, हे मला सगळ्यात भयानक वाटलं. फासळ्यांचं तर काय सांगू, दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साचतो, न्यूमोनिया होतो आणि आधीच दम्याची छाती असली तर तेवढ्यानेच जीव जातो. सिएटलमध्ये 2000 साली वृद्धांवर झालेल्या अभ्यासात मोडलेल्या प्रत्येक जास्तीच्या फासळीमागे मृत्यूची जोखीम 19 टक्क्यांनी वाढलेली दिसली.

मेरी चार्लसन यांची जुन्या आजारांना गुण देणारी यादी 1987 ची, पण इंग्लंडच्या ट्रॉमा रजिस्ट्रीने, म्हणजे गंभीर जखमींच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेने, तिचं सुधारित रूप आपल्या हिशोबात घेतलं ते 2014 च्या मॉडेलमध्ये. काकांच्या केसपेपरवर मात्र घाईत फक्त 'के/सी/ओ डीएम, एचटीएन', म्हणजे डायबिटीस आणि बीपीचा जुना रुग्ण, एवढंच लिहिलं होतं, किती वर्षांपासून आणि कुठली गोळी, काहीच नाही.